सहा गोणी समुद्र

बदलापूरच्या माणसाला समुद्र बघायचा तर लोकलनं 68 किलोमीटर जावं लागतं, तेही गाडीत चढायला मिळालं तर. तेव्हा समुद्रानंच थोडं इकडे सरकावं असं आमच्या संकुलाला वाटलं, तर त्यात नवल नाही. वार्षिक सभेत विषय आला : ‘तरणतलाव खाऱ्या पाण्याचा करणे’. पार्किंगच्या भांडणावर ज्यांनी तोंड उघडलं नव्हतं, तेही या विषयावर बोलले. केस पिंगट होतात का? उपवासाला चालतं का? एका आजोबांचा प्रश्न मुद्द्याचा होता : ‘पोरं खारट होऊन घरी येणार, पुन्हा गोड्या पाण्यानं अंघोळ करणार. त्या वाढीव टँकरचे पैसे कोण देणार?’

आजोबांना दिलासा देता येईल. समुद्राच्या लिटरभर पाण्यात साधारण 35 ग्रॅम क्षार असतात, आपल्या अश्रूंत नऊच्या आसपास आणि अशा तलावात तीन ते चार. म्हणजे देखभाल शुल्क वाढल्यावर आपण जे रडतो, ते या तलावापेक्षा दुपटीनं खारट असतं. आमच्या तलावात 86 हजार लिटर पाणी मावतं; हिशेब बसला तीनशे किलोंचा, म्हणजे पन्नास किलोच्या सहा गोण्या. स्वयंपाकघरातलं आयोडीनयुक्त मीठ यात चालत नाही. त्यामुळे ‘प्रत्येक घरातून एक पुडा’ ही उत्साही सूचना तिथंच बारगळली.

ठराव मात्र मंजूर झाला तो एका गैरसमजावर : आता क्लोरीन बंद! गावाकडच्या विहिरीत टीसीएल पावडर टाकताना पाहिलेल्या पिढीला क्लोरीन म्हणजे सरकारी औषध वाटतं आणि मीठ म्हणजे घरचं. प्रत्यक्षात मीठ टाकायचं ते क्लोरीन बनवण्यासाठीच. पंपाच्या खोलीत नळीत एक सेल बसतो. त्यात टायटॅनियमच्या, खास लेप दिलेल्या पट्ट्या असतात. खारं पाणी त्यांच्यामधून जाताना वीज सोडली की क्लोरीन तयार होतो, जंतू मारतो आणि पुन्हा क्षार होऊन पाण्यात राहतो. दहावीच्या पुस्तकातलं विद्युत अपघटन ते हेच. विकत आणायचा क्लोरीन घरी पाडायचा, एवढाच फरक.

तरीही पाणी अंगाला मऊ लागतं, डोळे कमी चुरचुरतात हे कबूल करायला हवं. क्लोरीन थोडा थोडा, सतत मिळत राहतो म्हणून. आणि तलावाचा जो उग्र वास आपण क्लोरीनच्या माथी मारतो, तो बहुतेक वेळा क्लोरामाइनचा असतो. म्हणजे क्लोरीन आणि घाम-लघवी यांच्या संगमाचा. हे सभेत सांगितल्यावर बराच वेळ कुणी कुणाच्या मुलाकडे पाहिलं नाही.

सेल आला तेव्हा खोक्यावर ‘मेड इन यूएसए’ होतं. उल्हासनगर दोन स्टेशनांवर असलेल्या मुलखात हे वाचून कुणी लगेच आनंदत नाही. ‘उल्हासनगर सिंधी असोसिएशन’वाला विनोद ऐकत मोठी झालेली माणसं आम्ही, तिघांनी खोकं उलटंपालटं करून पाहिलं. निर्वासितांच्या छावणीतून उभ्या राहिलेल्या त्या शहरानं काय काय बनवून दाखवलं, हे पाहता ती शंका म्हणजे एक प्रकारचा आदरच आहे.

मिठाला जागणारा एकच माणूस आमच्याकडे आहे, तो म्हणजे तलावाची देखभाल करणारा दादा. त्याला कळलेलं समितीला अजून कळलेलं नाही. या पद्धतीत पाण्याचा पीएच सारखा चढतो, तो 7.2 ते 7.8 मध्ये ठेवायला ॲसिड लागतंच. बोअरवेलचं जड पाणी भरलं की पट्ट्यांवर पांढरं किटण धरतं. ते पातळ ॲसिडनं उतरवायचं, खरवडायचं नाही. वीज गेली, पंप थांबला, की क्लोरीनही थांबला. शिडीचे नटबोल्ट आधी गंजतात आणि मग तक्रारवहीत येतात. उन्हाळ्यात पाणी उडून जातं, मीठ राहतं. तेव्हा नुसतं पाणी भरायचं. पावसाळ्यात उलट. बदलापूरचा जुलै तलाव काठोकाठ भरून वर वाहायला लावतो आणि आपला विकतचा समुद्र गटारानं निघून जातो.

जातो कुठं, तर उल्हास नदीकडे, आणि तिच्याबरोबर वसईच्या खाडीपर्यंत. त्याला वाट विचारावी लागत नाही. जुलै 2019 मध्ये याच नदीनं महालक्ष्मी एक्सप्रेस बदलापूर-वांगणीदरम्यान अडकवून ठेवली आणि हजारावर प्रवाशांना बोटींनी काढावं लागलं. त्या दिवशी तरणतलाव कुठला आणि रस्ता कुठला, हे नदीकाठच्यांना सांगता आलं नसतं.

आमच्या तलावाचं पाणी दादा सकाळ-संध्याकाळ बाटलीत घेऊन रंग जुळवून तपासतो. अंबरनाथच्या 1060 सालच्या शिवमंदिराला लागून वाहणाऱ्या वालधुनीच्या पाण्याचे रंग कारखान्यांच्या कृपेनं लांबूनच दिसत आले आहेत, बाटली लागत नाही. तिच्यासाठी अशी सकाळ-संध्याकाळ कुणी उठल्याचं ऐकिवात नाही. ती कुणाच्या देखभाल शुल्कात येत नाही, हे एक कारण असावं.

खजिनदारांपुढे सध्या वेगळाच पेच आहे. मिठाचं बिल कुठल्या शीर्षाखाली घालायचं? ‘रसायने’ लिहावं, तर ‘केमिकल बंद’ म्हणून ठराव मंजूर करून घेतलेला. ‘किराणा’ असं शीर्षच आमच्या वहीत नाही. शेवटी ते ‘किरकोळ खर्चा’त गेलं, आणि लेखापरीक्षकांनी शेजारी पेन्सिलीनं विचारलंय : ‘300 किलो?’