जेधे कुठल्या पार्टीचे?

भोरच्या बाजारात इंद्रायणी घेणारा आमचा माणूस एकदा बघून घ्या. मूठभर तांदूळ नाकाशी नेतो, दाणा दाताखाली फोडतो. "नवा का मागच्या सालचा?" "खाचर कुठलं?" "मिसळ तर नाही ना?" एवढी उलटतपासणी करून घेणार दोनच किलो. घरी जाताना वाटेत याच माणसाच्या फोनवर 'ब्रेकिंग' येतं. वास नाही, दाणा नाही, खाचराची चौकशी नाही. टमटममधून उतरायच्या आत ते साऱ्या भावकीत पोचलेलं असतं.

आमच्या लोकांना शंका घेता येत नाही असं मात्र म्हणू नका. येते, पण समोरच्या पार्टीच्या बातमीवर. त्यांचा व्हिडिओ आला की हा दोन बोटांनी चित्र मोठं करतो, सावली कुठल्या अंगाला पडलीय ते बघतो, मागच्या एसटीची पाटी वाचतो आणि जाहीर करतो, "हा तर 2019 चा, आन् तोबी बिहारचा!" एवढी तपासणी सीआयडीतही होत नसेल. आपल्या बाजूचा व्हिडिओ खोटा निघाला तर? "व्हिडिओ जुना असंल, पण मुद्दा खरा हाय का न्हाय?"

पूर्वी गावात दोन पार्ट्या असायच्या आणि त्यांच्यात समेट घडवायला तंटामुक्ती समिती. 2022 मध्ये शिवसेनेच्या दोन झाल्या, 2023 मध्ये राष्ट्रवादीच्या दोन झाल्या. गावाच्या ग्रुपचे किती झाले, ते आता ॲडमिनलाही सांगता येत नाही. 7 मे 2024 ला आमच्या बारामती लोकसभेचं मतदान होतं. आदल्या रात्री वेल्ह्यातल्या एका बँकेची शाखा उशिरापर्यंत उघडी असल्याचा व्हिडिओ फिरला. तक्रार झाली, गुन्हा नोंदला गेला. कायदा त्याच्या चालीने चालेल. आमच्याकडे निकाल त्याच रात्री लागला. निम्म्यांना आत नोटांची थप्पी दिसली, निम्म्यांना हिशेब जुळवत बसलेला गरीब बिचारा कारकून. दोघांनीही हे गोधडीतून पाहिलं.

(पूर्वीच्या वेल्हे तालुक्याचं नाव आता राजगड, गावाचं नाव वेल्हे, आणि गावाच्या डोक्यावर किल्ला तोरणा. बाहेरच्या माणसाला गोंधळात टाकायला आम्हाला व्हॉट्सॲपची गरजच नाही.)

इतिहासाची तर चंगळ. रायरेश्वर भोर तालुक्यातला. 1645 मध्ये तिथे स्वराज्याची शपथ झाली, अशी परंपरा आहे. त्या शपथेला कोण कोण हजर होतं याची यादी हल्ली ग्रुपगणिक बदलते. निवडणूक जवळ आली की गडावर दाटी होते.

गंमत म्हणजे पुराव्यापुढे आपलं मत बदलायचा धडा महाराष्ट्राला मिळाला तो आमच्याच कारी गावच्या कागदावरून. तोवर बखरींच्या भरवशावर शिवरायांचा जन्म 1627 सालचा धरला जायचा. कारीच्या जेध्यांच्या घरातली शकावली, म्हणजे सालवार घडामोडींची नोंद, लोकमान्य टिळकांच्या हाती आली आणि त्यांनी ती 1916 मध्ये प्रसिद्ध केली. तिच्यात तिथी होती फाल्गुन वद्य तृतीया, शके 1551, म्हणजे 19 फेब्रुवारी 1630. मग अभ्यासकांनी काय केलं? ताडून पाहिलं. परमानंदाच्या 'शिवभारता'त तीच तिथी निघाली, जोधपूरकडे सापडलेल्या कुंडलीतही जमलं. तरी घाई नाही. 1966 मध्ये सरकारने इतिहासकारांची समिती नेमली, तिच्यातही एकमत झालं नाही. 19 फेब्रुवारी 1630 वर सरकारी शिक्का बसायला 2001 उजाडलं. शकावली छापल्यापासून 85 वर्षं! आज हा वाद चहा निवायच्या आत मिटला असता: चौघे लेफ्ट, एक रिमूव्ह.

तीच शकावली आज कोणी ग्रुपवर टाकली असती तर तिथी कोणी वाचलीच नसती. पहिला प्रश्न आला असता, "जेधे कुठल्या पार्टीचे?" दुसरा, "टिळकांना हे आत्ताच का सापडलं?"

अफवेला माणूस पळतो, यात नवल नाही. पानशेतही त्याच राजगड तालुक्यातलं. 12 जुलै 1961 ला धरण फुटलं. आदल्या रात्री जवान तिथे मातीची पोती रचत होते आणि खाली पुण्यातला माणूस निवांत झोपला होता. पूर ओसरल्यावर 'पुन्हा पाणी आलं' अशी हूल उठली आणि नेसत्या वस्त्रानिशी वाचलेली माणसं पुन्हा सैरावैरा धावली. त्यांना हसायचं काम नाही. ज्यांना खरं वेळेवर कोणी सांगितलं नाही, ते खोट्यालाही पळणारच. आमच्या उशाशी मात्र फोन रात्रभर वाजतोय, तरी पळायची हौस 1961 चीच.

अशात एखादा पारावर बसून "कुणी बघितलं का पण?" असं विचारतोच. एक पार्टी त्याला दुसऱ्या पार्टीचा समजते, दुसरी पहिलीचा. दोन्हीकडच्या जेवणावळीतून त्याचं नाव कटतं. त्यामुळे हल्ली तो विचारत नाही, नुसता अंगठा दाखवतो.

निखळ निष्पक्ष असा एकच माणूस तालुक्यात उरलाय, तो म्हणजे डीजेवाला. 85 वर्षांचा वाद मिटला तरी जयंत्या दोनच राहिल्या. तारखेची फेब्रुवारीत, तिथीची बहुतेक मार्चमध्ये. तारीखवाले आले की तो त्यांचं सगळं शांतपणे ऐकून घेतो, तिथीवाले आले की त्यांचंही. कोणाचं खरं, यावर चकार शब्द काढत नाही. फक्त विचारतो, "ॲडव्हान्स कोण देतंय?"