अधिकराव

सॉफ्टवेअरच्या ऑफिसात एक तरी अधिकराव असतोच. पाळण्यातलं नाव काहीही असो, हा गृहस्थ सर्व्हरवरच्या कोडमध्ये प्रत्येक लिंक अधिक चिन्हानं जोडतो, म्हणून अधिकराव. आधी पत्ता, मग प्रश्नचिन्ह, मग 'नाव=', अधिक ग्राहकानं भरलेला मजकूर, अधिक '&शहर=', अधिक आणखी मजकूर. लोक त्यांना आळशी म्हणतात, अडाणी म्हणतात, दोन्ही खोटं. रात्री सर्व्हर बसला की पहिला फोन त्यांनाच जातो. त्यांचा दोष एकच, माणसांवरचा विश्वास. फॉर्ममध्ये सगळे सभ्य अक्षरंच भरणार, अशी त्यांची श्रद्धा आहे, आणि ती अढळ राहते कारण टेस्टिंग करताना ते स्वतः 'टेस्ट' आणि '१२३' यापलीकडे काही भरत नाहीत.

आता रक्तगट घ्या. रक्तदात्यांच्या यादीत 'बी+' शोधणारी लिंक अधिकरावांनी जोडली, की सर्व्हर त्या + ला मोकळी जागा समजतो; फॉर्मच्या जुन्या रिवाजात मोकळी जागा तशीच लिहितात. हाती उरतो 'बी' आणि त्यापुढे शून्य आकाश. असा रक्तगट कुणाचाच नसतो. 'बी-' मात्र सुखरूप पोचतो, कारण २००५ च्या आरएफसी ३९८६ या नियमावलीनं ते चिन्ह निरुपद्रवी ठरवलंय. म्हणजे दुर्मीळ गट लगेच सापडतो आणि गल्लोगल्ली असलेला सापडत नाही! 'पाटील & सन्स' शोधलं तर पाटील एकटेच पोचतात, सन्स वाटणी घेऊन वेगळे होतात. 'सी#' मधलं # आणि त्यापुढचं सगळं तर ब्राउझर सर्व्हरकडे पाठवतच नाही.

इथवर हसून सोडता येईल. पण एखाद्या इरसाल ग्राहकानं नावाच्या रकान्यात '&भूमिका=अॅडमिन' लिहिलं आणि कोडनं ते आतल्या दुसऱ्या सर्व्हरच्या पत्त्यात जसंच्या तसं चिकटवलं, तर एका लिंकमध्ये दोन भूमिका होऊ शकतात. खरी कोणती? पीएचपी शेवटची धरते, जावाचं सर्व्लेट साधारणपणे पहिली देतं, एएसपी डॉट नेट दोन्ही स्वल्पविरामानं जोडून मोकळं होतं. एकाच लिंकच्या दारात तीन न्यायाधीश, आणि निकाल तिघांचे तीन.

अधिकरावांची उत्तरं तयार असतात. 'या रकान्यात आकडाच येतो.' आज येतो. उद्या तेच फंक्शन दुसरा कुणी नावासाठी वापरेल. 'मी मोकळ्या जागेचं %२० करतो की!' करतात खरे, दर तक्रारीमागे रिप्लेसची एक ओळ वाढवतात, आणि त्या रांगेत % ची ओळ शेवटी आली की आधीच्या %२० चं %२५२० होतं. 'एवढ्यासाठी लायब्ररी कोण आणणार?' आणायला कशाला हवी? पायथॉनचं अर्लएनकोड, पीएचपीचं एचटीटीपी बिल्ड क्वेरी, गो भाषेतलं नेट यूआरएल, सगळी घरचीच. त्यांना नाव आणि व्हॅल्यू सुटी सुटी द्यायची. कुठलं चिन्ह मजकुरातलं आणि कुठलं रचनेतलं, हा हिशेब ती ठेवतात. 'लिंक वाचता येत नाही' या आक्षेपात मात्र तथ्य आहे. यूटीएफ-८ मध्ये 'क' म्हणजे तीन बाइट, म्हणून लिंकमध्ये नऊ चिन्हं. 'महाराष्ट्र' लिहायला तर नव्वद लागतात. पण लिंक आधी यंत्राला वाचायची असते. आणि हेही खरं, की पॅरामीटरमधून आलेल्या पत्त्यावर ग्राहकाला पाठवायचं असेल, तर तो पत्ता भरवशाचा आहे का, हे कुठलंच एनकोडिंग सांगत नाही. त्यासाठी परवानगी असलेल्या पत्त्यांची यादी आपली आपणच ठेवावी लागते.

साहेबांच्या धाकानं अधिकराव एकदाचे लायब्ररी वापरायला लागतात. पण हाताची सवय जात नाही. आधी अख्खी लिंक अधिक चिन्हांनी जोडतात आणि मग ती सबंध एनकोडिंगमधून काढतात. साहजिकच एचटीटीपीएसनंतरचा : आणि दोन्ही / टक्क्यांत जातात, लिंक जागची हलत नाही, आणि तिकिटावर अधिकरावांचा शेरा पडतो : 'लायब्ररीत बग आहे. जुनी पद्धत पुन्हा चालू केली.'