गच्चीची किल्ली

होळी पेटून दोन दिवस होत नाहीत, तोच आमच्या मोबाइलवर वसंत येऊन दाखल होतो. सकाळी नऊला कोवळ्या उन्हात अर्धा तास चाला. दुपारी खिडक्या सताड उघडा, घरात मोकळी हवा खेळू द्या. न्याहारीला स्ट्रॉबेरी आणि ॲव्होकाडो घ्या. संध्याकाळी चारला बागेत बसून दीर्घ श्वसन करा. यंदा हा मजकूर मला सहा जणांनी पाठवला, आणि सहाही जण जळगाव नाहीतर धुळ्यात राहणारे आहेत. त्यांच्या हेतूबद्दल शंका नाही. तक्रार मजकुराबद्दल आहे.

आमच्याकडे मार्चअखेर साडेसहाच्या आसपास सूर्य उगवतो. आठ वाजता रस्त्याच्या कोणत्या कडेला सावली आहे ते बघून चालावे लागते. नऊला ऊन कोवळे नसते. महिना संपता संपता पारा 40 अंशांना टेकतो आणि मे महिन्यात 45 अंश झाले तर कोणी भुवई उंचावत नाही. अशा गावात दुपारी खिडक्या उघडणे म्हणजे झळा घरात बोलावणे. शहाणी माणसे सकाळी आठलाच खिडक्या लावून पडदे ओढतात आणि सूर्य मावळल्यावर उघडतात. धुळ्याला आमच्या घरी हे काम आजीकडे होते. ती खिडकीचा अडसर लावून म्हणायची, “ऊन तपनं, आते घरमा बठ.” तिचे आरोग्यशास्त्र या एका वाक्यात होते आणि ते मोबाइलवरच्या मजकुरापेक्षा पक्के होते.

शाळेत आपण वसंत म्हणजे चैत्र-वैशाख असे पाठ केले. खानदेशात ते दोन महिने उन्हाळ्याचेच असतात. आपल्या वाट्याचा वसंत फार तर होळीपासून पाडव्यापर्यंत, जेमतेम पंधरा दिवसांचा. म्हणून तो वाया गेला की मला वाईट वाटते. वाग्भटाने अष्टांगहृदयात ऋतुचर्येचा स्वतंत्र अध्यायच लिहिला आहे. वसंतात व्यायाम करा, जड-गोड कमी करा, दुपारी झोपू नका, असे तो सांगतो. पण ग्रीष्म लागला की तोच व्यायाम आणि ऊन टाळायला सांगतो, आणि दुपारच्या झोपेला परवानगी देतो. म्हणजे एकाच माणसाला दोन महिन्यांत उलटी शिस्त. मधला सांधाही त्याने सांगितला आहे: सरत्या ऋतूचे शेवटचे सात दिवस आणि येणाऱ्याचे पहिले सात. या चौदा दिवसांत जुनी सवय हळूहळू सोडायची, नवी हळूहळू धरायची. आजचे वैद्यकही म्हणते की, शरीराला उन्हाची सवय व्हायला एक ते दोन आठवडे लागतात. तेवढ्या काळात घाम लवकर सुटायला लागतो आणि घामातून जाणारे मीठ कमी होते. खानदेशातल्या माणसाने फाल्गुनात ताजेतवाने व्हायचे ते यासाठी. पुढचे तीन महिने निभावण्याची ती तयारी आहे. याबद्दल त्या मजकुरात अवाक्षर नाही.

माझ्या कचेरीत गेल्या वर्षी रोज दहा हजार पावले चालण्याचा उपक्रम निघाला. तो सुरू झाला एप्रिलच्या पहिल्या तारखेला, आणि सामूहिक चालण्याची वेळ ठरली दुपारी चार. आपल्या भागात सूर्य माथ्यावर येतो तोच साडेबाराच्या सुमारास. खरा ताव असतो तीन ते साडेचार. मी वेळ बदला म्हणून लेखी दिले. पहाटे सहाला कोणी येणार नाही, असे उत्तर आले. तिसऱ्या दिवशी एका सहकाऱ्याला भोवळ आली. त्याला सावलीत निजवून मीठ-साखरेचे पाणी पाजले. ते प्रमाण सगळ्यांनी लक्षात ठेवावे: एक लिटर पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ, चमचा चहाचा. राहता राहिला दहा हजारांचा आकडा. तो जपानमध्ये 1965 साली पावले मोजणारे एक यंत्र विकायला काढले, त्याच्या नावातून आला. त्या आकड्यासाठी आपल्या माणसांना चैत्राच्या दुपारी डांबरावर उतरवण्याचे कारण मला अजून कळलेले नाही.

चालण्याला माझा विरोध नाही. चैत्रात खानदेशची माणसे सप्तशृंगी गडावर पायी जातात. कित्येक मैल चालतात, बायाबापड्या चालतात, म्हातारी माणसे चालतात. पण ती चालतात रात्री आणि पहाटे. ऊन चढले की झाडाखाली, देवळात, कोणाच्या ओसरीवर पाठ टेकतात. डोक्याला उपरणे असते, कान झाकलेले असतात, वाटेवरच्या गावांतून पाणी नि सरबत मिळते. आमचे केळी उत्पादक बागेच्या कडेला शेवरी लावतात, उष्ण वारा थेट झाडाला लागू नये म्हणून. केळीची जी काळजी आपण घेतो ती स्वतःच्या कानांची का घेत नाही? आता कान मोकळे असतात, त्यांत गाणी ऐकण्याच्या बारक्या गोळ्या असतात.

गोळ्या असल्या तर बरेच म्हणायचे. जळगावच्या मेहरूण तलावावर पहाटे साडेपाचला पाण्यावरून येणारा वारा अंगाला लागतो. दिवसभरातला गार वारा तेवढाच. कोकिळा ओरडत असते. तेवढ्यात मागून एक गृहस्थ येतात, त्यांच्या खिशातला फोन मोठ्याने व्याख्यान देत असतो, आणि व्याख्यानाचा विषय मनःशांती हा असतो. त्यांना मी दोनदा हात जोडून आवाज कमी करायला सांगितले. दोन्ही वेळा त्यांनी तो पुढच्या वळणापर्यंतच कमी केला.

कडुलिंबही असाच नावापुरता उरला आहे. फाल्गुनात लिंबाची जुनी पाने झडतात आणि तांबूस, चकचकीत कोवळी पालवी फुटते, पाठोपाठ पांढरी बारीक फुले. पाडव्याला ती पालवी आणि फुले गूळ, ओवा, हिंग, चिंच, मीठ घालून वाटायची आणि खायची. आता आमच्याकडे प्रत्येकाच्या तळहातावर मोहरीएवढी गोळी येते, फोटो निघतो आणि वर्षाचा कडवटपणा संपतो. आमच्या फाटकाशी एक लिंब होता. यंदा पाडव्याच्या आठवडाभर आधी गाड्यांवर फुले पडतात म्हणून त्याच्या फांद्या छाटल्या. छाटणी करायचीच होती तर पावसाच्या तोंडाशी करता आली असती. जेव्हा सावली लागते तेव्हाच ती तोडली, आणि पाडव्याला त्याच फाटकासमोर लिंबाचा पाला दहा रुपये जुडी घ्यावा लागला.

पण माझी सगळ्यात मोठी तक्रार गच्चीबद्दल आहे. धुळ्याला आमच्या घरी फाल्गुन-चैत्र म्हणजे बिबड्यांचे, ज्वारीच्या पापडांचे दिवस. ज्वारी तीन दिवस भिजत घालायची, पाणी बदलत राहायचे, मग उपसून सुकवून दळायची. पहाटे चारला मोठे पातेले चुलीवर. तीळ, लसूण, जिरे, तिखट, मीठ पडले की शिजत्या पिठाच्या घाट्याचा आंबूस वास गल्लीभर जायचा. शेजारच्या काकू, वहिनी, आत्या सगळ्या यायच्या. ओल्या लुगड्यावर पाण्याच्या हाताने थापत थापत, सूर्य वर येईपर्यंत तीनशे बिबडे गच्चीवरच्या खाटांवर वाळत पडलेले असायचे. साडेसातला काम संपले, की सगळ्या घरात. पहाटे उठणे, उठबस करून अंग हलवणे, दहा माणसांशी बोलणे, उन्हाच्या आत सावलीत येणे. आरोग्याचा सल्ला देणारे जे जे सांगतात ते सगळे त्या साडेतीन तासांत व्हायचे. रात्री त्याच गच्चीवर पाणी शिंपडून अंथरुणे पडायची. आखाजीपर्यंत, म्हणजे अक्षय्य तृतीयेपर्यंत, असेच चालायचे.

जळगावच्या आमच्या इमारतीत गच्चीला कुलूप आहे. सोलरची तावदाने फुटतील, टाकीची झाकणे उघडी राहतील, अशी कारणे आहेत आणि ती खोटी नाहीत. पण किल्ली मिळते ती सकाळी दहा ते बारा. दहाला फरशीवर पाय ठेवला तर चटका बसतो. यंदा आई धुळ्याहून येताना पाच किलो ज्वारी घेऊन आली. मी सचिवांकडे गेलो. म्हटले, “भाऊ, एक दिवस पहाटे चारला किल्ली द्या, आठच्या आत परत करतो.” ते म्हणाले, “तुम्हाला दिली तर सगळ्यांना द्यावी लागेल.” मी म्हटले, “सगळ्यांनाच द्या.” त्यांनी पुढच्या बैठकीत विषय घेतो म्हणून सांगितले. बैठक जूनमध्ये आहे.

ज्वारी तर भिजलेली होती. आईने पहाटे गॅसवर छोट्या पातेल्यात घाटा केला. आम्ही बाल्कनीत दोन खुर्च्यांवर पाट आडवा टाकला, त्यावर तिचे जुने लुगडे ओले करून पसरले. गुडघे दुखतात म्हणून ती उभ्यानेच थापत होती, मी वाटीतून पाणी देत होतो. कठडा धरून सव्वीस बिबडे बसले. सत्ताविसाव्याला जागा नव्हती. आईने पातेल्याकडे बघितले, मग ताटल्या काढल्या, गरम घाट्यावर कच्चे तेल सोडले आणि समोरच्या दाराची बेल वाजवायला मला पाठवले.