एकविसाव्या दिवसाच्या अलीकडे

कोथरूडच्या कुठल्याही सोसायटीत ते सापडतात. वय पंचेचाळिशीच्या पुढे, नोकरी चाकणला, कंपनीची बस भल्या सकाळी कोपऱ्यावर, आणि डोक्यात कायम स्वतःची सुधारून वाढवलेली आवृत्ती. आपण त्यांना विकासपुरुष म्हणू.

विकासपुरुषांचा दिवस पहाटे पाचला सुरू होतो. निदान गजर तरी पाचलाच होतो. रॉबिन शर्मांचं पहाटे पाचच्या क्लबचं पुस्तक २०१८ साली आलं, तेव्हापासून त्या मजल्यावरची सगळी बिऱ्हाडं पाचला जागी होतात. झोपून राहतात ते एकटे विकासपुरुष. गजर वहिनी बंद करतात.

अप्पा बळवंत चौकातून आणलेल्या पुस्तकांनी त्यांचा दिवाणखाना भरलाय. डेल कार्नेगीचं माणसं जोडण्याचं १९३६ सालचं पुस्तक आहे, स्टीफन कोव्हीच्या १९८९च्या सात सवयी आहेत. त्यातल्या दोन सवयी झाल्या. तिसरी सवय महत्त्वाची कामं आधी उरकायची. ती त्यांनी दिवाळीनंतर घ्यायची ठरवलीय.

कोणतीही सवय एकवीस दिवसांत लागते, यावर त्यांची गाढ श्रद्धा. या आकड्याचं मूळ सांगतात ते मॅक्सवेल मॉल्ट्झ या अमेरिकी प्लास्टिक सर्जनच्या १९६०च्या पुस्तकात. ऑपरेशननंतर आरशातला नवा चेहरा आपलाच, हे पेशंटच्या मनाला पटायला किमान तीन आठवडे जातात, असं त्याला दिसलं होतं. नाकाचा हा हिशेब लोकांनी पुढे ध्यान, रोजनिशी आणि साखर सोडणं, सगळ्यालाच लावला. विकासपुरुषांचा अठरावा दिवस सहसा सुखरूप पार पडत नाही, कारण तोवर कुणाचं तरी डोहाळजेवण निघतं. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजच्या संशोधकांना सवय मुरायला सरासरी ६६ दिवस लागताना दिसले, असं मी त्यांना एकदा सांगितलं. वाटलं, चेहरा पडेल. तो खुलला. "बघा! म्हणजे माझं काही चुकत नव्हतं, मुदतच कमी होती."

नेतृत्व हा त्यांचा दुसरा ध्यास. सायमन सिनेकचं 'लीडर्स ईट लास्ट' हे पुस्तक २०१४चं. अमेरिकेच्या मरीन दलात कनिष्ठ आधी जेवतात, अधिकारी शेवटी, त्यावरून ते नाव. विकासपुरुषांनी हे कोजागिरीला गच्चीवर अमलात आणलं. रांगेच्या शेवटी हात मागे बांधून प्रसन्न चेहऱ्याने उभे राहिले. भेळ संपली, मसाला दुधाच्या पातेल्यात पळी खडखडली, तरी ते प्रसन्नच. आमच्या सोसायटीचं मरीन दलाशी काही नातं नाही. इथे शेवटी उभा राहणारा उपाशी झोपतो.

मनुष्यस्वभावावर ते लिफ्टमध्ये बोलतात. माणूस मुळात स्वार्थी की परोपकारी, हा प्रश्न तळमजल्यावर टाकायचा आणि चौथ्यावर उत्तर मागायचं. मे महिन्यात टाकी कोरडी पडली, तेव्हाच्या सभेत त्यांनी मॅस्लोने १९४३ साली मांडलेली गरजांची उतरंड समजावली. पाणी सर्वांत खाली, आत्मसिद्धी सर्वांत वर. "आपण अजून तळाशीच अडकलोय," ते कळवळून म्हणाले. "ते खरं, पण टँकरवाल्याला फोन कोण करणार?" सेक्रेटरींनी विचारलं. फोन अर्थातच विकासपुरुषांनी केला, आणि टँकर येईपर्यंत रात्री गेटवर उभेही तेच राहिले.

त्यांच्या आईचं मत वेगळं. "एवढे पैसे कशाला घालतोस रे? दासबोधाचा दुसरा दशक वाच. मूर्खलक्षणांनी सुरू होतो, पढतमूर्खावर संपतो. तुझं सगळं आहे त्यात." त्यांनी आज्ञाधारकपणे तो वाचला, पिवळ्या पेनाने खुणा केल्या आणि आईला सांगितलं, "आमच्या साहेबांना अगदी तंतोतंत लागू पडतं."

त्यांच्या रोजनिशीत 'माझे दोष' असं एक पान आहे. पहिलाच दोष लाल शाईत: नाही म्हणता येत नाही. आता या दोषाचं काय सांगावं? रात्री-अपरात्री कुणाच्या छातीत दुखलं की गाडी त्यांची निघते. नातवंडं बघायला अमेरिकेला गेलेल्यांच्या किल्ल्या त्यांच्याकडे, त्यांच्या तुळशींना पाणी हेच घालतात. बी विंगमधल्या बारावीतल्या मुलाला इंटिग्रेशन हेच शिकवतात, तेही फुकट. सोसायटीत त्यांना जो काही मान आहे, तो या एका दोषावर उभा आहे. बाकी गुणांकडे आम्ही सौजन्याने काणाडोळा करतो.

हा दोष घालवायला ते लोणावळ्याला दोन दिवसांचं शिबिर करून आले. फी बरीच होती. ती सांगताना वहिनींचा आवाज चढतो. परतले त्याच संध्याकाळी सेक्रेटरी गणपतीच्या वर्गणीचं पावतीपुस्तक घेऊन दारात. विकासपुरुषांनी डोळे मिटले, दीर्घ श्वास घेतला आणि शिकवल्याबरहुकूम हसून म्हणाले, "नाही. या वर्षी मला जमणार नाही." सेक्रेटरी "बरं" म्हणून जिना उतरू लागले. एक मजला उतरले असतील नसतील, वरून हाक आली, "अहो काका, थांबा! बी विंग तेवढी मी करतो."

आम्ही ए विंगमध्ये राहतो. दुसऱ्या दिवशी आमची बेल वाजली, दारात विकासपुरुष, काखेत दोन पावतीपुस्तकं. चहा घेता घेता त्यांनी मला ठाम नकार कसा द्यावा, डोळ्यांत कसं बघावं, कारणं का देऊ नयेत, हे सगळं मन लावून शिकवलं. मी लगेच त्यांच्या डोळ्यांत बघून म्हटलं, "नाही, या वर्षी वर्गणी जमणार नाही."

"वा! छान जमलं तुम्हाला," ते म्हणाले, आणि पाचशे एकची पावती फाडून माझ्या हातात ठेवली.