एकच भाषण

राजकारणात टिकायचं असेल तर वारा वाहील तशी पाठ फिरवावी, हे अमेरिकेतल्या व्हरमाँट राज्याच्या बर्नी सँडर्स यांना कुणी सांगितलेलं दिसत नाही. १९७२ ते १९७६ या काळात लिबर्टी युनियन नावाच्या चिमुकल्या पक्षातर्फे त्यांनी सिनेट आणि गव्हर्नरपदाच्या चार निवडणुका लढवल्या. चारही हरले. त्यातलं सर्वांत घवघवीत यश म्हणजे सहा टक्के मतं. भाषणाचा विषय : देशाची संपत्ती मूठभरांच्या घशात चालली आहे. शहाण्याने विषय बदलला असता. यांनी पक्ष सोडला आणि विषय ठेवला.

१९८१ साली बर्लिंग्टनच्या महापौरपदाला ते अपक्ष उभे राहिले आणि फेरमोजणीनंतर दहा मतांनी निवडून आले. दहा! एखादं एकत्र कुटुंब दुपारी जेवून आडवं झालं असतं, तरी अमेरिकेतला समाजवाद तिथेच आटोपला असता. आता खासगी मालमत्तेचं काय होणार म्हणून व्यापारी धास्तावले. तर हे गृहस्थ रस्त्यांवरचा बर्फ काढण्याच्या मागे लागले आणि गावात बेसबॉलचा संघ घेऊन आले. लोकांनी आणखी तीन वेळा निवडून दिलं. १९८८ मध्ये, लग्नाच्या दुसऱ्याच दिवशी, ते सोव्हिएत रशियाला निघाले. सोबत नवी नवरी आणि यारोस्लाव्हल शहराशी मैत्री जुळवायला निघालेलं शिष्टमंडळ. मधुचंद्राला शिष्टमंडळ नेणाऱ्या माणसाकडून भाषण छोटं होण्याची अपेक्षा कशी करावी?

तशी ती पुरी झालीही नाही. १० डिसेंबर २०१० रोजी, वयाच्या ६९व्या वर्षी, श्रीमंतांची करसवलत वाढवू नका, म्हणून तोवर सिनेटर झालेले सँडर्स सिनेटमध्ये साडेआठ तास उभ्याने बोलले. ऐकणारे इतके, की सिनेटचा व्हिडिओ सर्व्हर बसला. आठवड्याभरात विधेयक मंजूर झालं, ओबामांनी सही केली, आणि भाषणाचं पुस्तक निघालं.

पुढे २०१६च्या राष्ट्राध्यक्षपदासाठी डेमोक्रॅटिक पक्षाची उमेदवारी मिळवण्याच्या लढतीत हरल्यावर क्रांतीवर आणखी एक पुस्तक आलं. ते इतकं खपलं, की ज्या दशलक्षाधीशांवर ते आयुष्यभर तुटून पडले, त्यांच्या पंगतीत स्वतःच जाऊन बसले. शॅम्प्लेन सरोवराकाठी तिसरं घरही झालं. तेव्हापासून त्यांचा राग मुख्यतः अब्जाधीशांवर आहे.

२०२१च्या जानेवारीत बायडन यांच्या शपथविधीला ते लोकरी हातमोजे घालून खुर्चीत आक्रसून बसले. त्या फोटोने जग वेडं झालं. तो छापलेले टी-शर्ट विकून त्यांनी धर्मादाय संस्थांसाठी सुमारे १८ लाख डॉलर जमवले. दीड महिन्याने त्यांनी ताशी १५ डॉलर किमान वेतनाचा प्रस्ताव सिनेटमध्ये मांडला. तो ४२ विरुद्ध ५८ मतांनी पडला, आणि विरोधातली आठ मतं त्यांच्याच बाजूच्या बाकांवरची होती. देशाचं किमान वेतन २००९ पासून ७.२५ डॉलर आहे, तिथेच राहिलं. हातमोज्यांना मात्र कुणाचाही विरोध नव्हता.

२०२५च्या शपथविधीत ट्रम्प यांच्या मागे मस्क, बेझोस आणि झुकरबर्ग हे अब्जाधीश बसले, तेही होऊ घातलेल्या मंत्र्यांच्या पुढे. जे पटवायला सँडर्स पन्नास वर्षं घसा कोरडा करत होते, त्याचा पुरावा सरकारी खर्चाने व्यासपीठावर मांडला गेला. वयाच्या ८३व्या वर्षी ते पुन्हा दौऱ्यावर निघाले. सभांना हजारोंची गर्दी, शेजारी तरुण लोकप्रतिनिधी अलेक्झांड्रिया ओकासिओ-कोर्टेझ, हातवारे तेच. सिनेटची मुदत २०३१च्या जानेवारीत संपेल तेव्हा ते ८९ वर्षांचे असतील. भाषण तर पाठ आहेच.