आखाडातला तुंबारा

आषाढात शाहूवाडी तालुक्यात पाण्याला वाट मिळेना, असं कुणी म्हणालं तर लोक आधी त्याच्या कपाळाला हात लावून ताप बघतील. आंबा घाटाच्या माथ्यावर पडलेला पाऊस कुणाची परवानगी न घेता निघतो आणि कडवीत येतो. मलकापूरला शाळी तिला मिळते. कडवी जाते वारणेत, वारणा हरिपूरला कृष्णेत, आणि कृष्णा कर्नाटक, तेलंगण, आंध्र करत बंगालच्या उपसागरात. एवढ्या प्रवासात कुठंही प्लंबर लागत नाही. आणि याच तालुक्यात, याच महिन्यात, आमच्या सिंकमधलं घागरभर पाणी भिंतीपलीकडच्या गटारापर्यंत जायला तयार नव्हतं. वर चरबीचा तवंग, आणि तवंगावर कढीपत्त्याचं एक पान निवांत बसलेलं.

कारणं शोधायला लांब जायला नको होतं. आषाढ संपत आला की आमच्याकडे घरोघरी मटण शिजतं. पुढं श्रावण येणार, तेव्हा महिनाभराचं एका अमावास्येच्या आत खाऊन घ्यायचं, अशी वहिवाट आहे. त्यात पुण्याहून मेहुणे आले होते, मित्रमंडळ घेऊन, पन्हाळा ते पावनखिंड पायी चालून. जुलै 1660 मध्ये शिवाजी महाराज सिद्दी जौहरच्या वेढ्यातून निसटून भर पावसात विशाळगडाकडे गेले. त्या वाटेनं दर जुलैत माणसांची रीघ लागते. पांढरेपाण्यापर्यंत पोचेतो बुटांना वाटेतल्या प्रत्येक वाडीची माती लागते. न्हाणीघरापुढं रांग बघून मेहुण्यांनी ती सिंकमध्ये धुतली. मी काही बोलायच्या आत म्हणाले, “इतिहासाची माती आहे, दाजी.” आता यावर काय बोलणार? तर तळाला इतिहास, त्यावर चिकट इंद्रायणी भात, आणि सगळ्यात वर तांबडा रस्सा, असा तो थर बसला.

सिंक तुंबल्यावर पाणी जात नाही, पण माणसं येतात. पहिला हक्क आईचा. ओटा झाला त्या दिवसापासून तिचा सिंकला विरोध आहे. तिच्या राज्यात तांदळाचं धुवण, पेज आणि खरकटं म्हशीच्या बारडीत जायचं. तेलकट पातेली राखेनं घासली जायची. मोरीचं पाणी परड्यातल्या अळवाला नि केळीला मिळायचं. अळवाची पानं हत्तीच्या कानाएवढी व्हायची, असं ती म्हणते आणि हात पसरून दाखवते. “तवा सांडपाणी खाणारं कुणीतरी होतं. आता तुमचं पाणी कोण खातंय, सांग की.” म्हैस विकून तिच्या गोठ्याच्या जागी मोटारसायकल लावणाऱ्या माणसाला याचं उत्तर देता येत नाही.

दुसरे आले गुरुजी. आमच्या खालच्या अंगाला राहतात, आयुष्यभर विज्ञान शिकवलं, आणि निवृत्तीनंतर वर्ग मिळत नसल्यामुळं आमच्याकडे येतात. त्यांनी खायचा सोडा मागवला. त्यावर व्हिनेगर ओतायचं होतं. ते आमच्या घरात कधी आलेलं नाही, म्हणून लिंबं पिळली. फस्सकन फेस वर आला. सगळ्यांनी मान डोलावली. खरं म्हणजे आम्ल आणि अल्कली समोरासमोर आली की एकमेकांनाच संपवतात. कार्बन डायऑक्साइड हवेत जातो आणि मागं उरतं खारट पाणी, जे चरबीला ढिम्म हलवत नाही. पण फेस दिसला की काहीतरी घडतंय असं वाटतं. सभा-समारंभांचं सगळं शास्त्र यावरच उभं आहे. मेहुण्यांच्या एका मित्रानं मग स्वतःसाठी आणलेली पोटातल्या गॅसवरची पुडी सिंकमध्ये रिकामी केली. रसायन तेच असल्यामुळं निकालही तोच लागला. सिंकला ढेकर आली, पोट साफ झालं नाही.

तिसरा उपाय सौभाग्यवतींचा : गरम पाणी. उकळतं नव्हे, कारण आपल्या प्लास्टिकच्या पाइपांना उकळतं पाणी सोसत नाही, ते मऊ पडतात. पण हात भाजेल इतपत. पाणी दोन बोटं उतरलं. घरात आनंदीआनंद झाला, चहा टाकला गेला. चहा पिऊन कप सिंकशी नेले तोवर पाणी होतं तिथं. चरबी गरम पाण्यानं वितळते खरी, पण पाइपात थोडं पुढं जाऊन गार झाली की तिथं ऐसपैस बसते. म्हणजे ती गेली नव्हती, पुढं सरकली होती. आपल्याकडच्या बऱ्याच अडचणी अशाच सुटतात.

चौथा उपाय मलकापूरच्या बाजारातून डब्यात बसून आला : कॉस्टिक सोडा. चरबी आणि कॉस्टिक एकत्र आले की साबण तयार होतो. साबणाच्या कारखान्यातही हेच चालतं. भांडी घासायचा साबण सिंकनंच बनवावा, ही कल्पना मला फार आवडली होती. पण साचलेल्या पाण्यात कॉस्टिक टाकलं की ते भलतं तापतं, उसळतं, डोळ्यांत गेलं तर डोळा घेऊन जातं, आणि एवढं करून अडथळ्यापर्यंत पोचेलच असं नाही. गुरुजींनी हे सगळं सविस्तर सांगितलं. सौभाग्यवतींनी निम्म्यातच डबा उचलला, माळ्यावर ठेवला आणि शिडी लपवली.

एव्हाना मेहुण्यांनी मोबाइलवर लंडन काढलं होतं. 2017 मध्ये लंडनच्या व्हाइटचॅपल भागात जमिनीखालच्या गटारात चरबीचा एक गोळा सापडला : लांबी 250 मीटर, वजन 130 टन. लोकांनी सिंकमध्ये ओतलेलं तेल-तूप आणि संडासात टाकलेले ओले रुमाल, दोन्ही मिळून त्याचा दगड झाला होता. तो फोडायला कित्येक आठवडे लागले, आणि पुढच्या वर्षी त्यातला एक तुकडा चक्क संग्रहालयात काचेच्या पेटीत ठेवला. आईनं फोटो नीट बघितला आणि म्हणाली, “बघा, त्येंनी जपून तरी ठेवला.” त्या दिवशी येणाऱ्या-जाणाऱ्याला आमचंही सिंक दाखवलं जात होतं, फक्त तिकीट नव्हतं.

मग पंप. लाकडी दांड्याला रबरी वाटी. गल्लीत असा एकच पंप होता, पण त्याचं आजवरचं सगळं आयुष्य संडासात गेलेलं. “ते माझ्या ओट्यावर?” एवढंच आई म्हणाली आणि तो आल्या पावली परत गेला. नवा आणला. पंप मारण्याची रीत आहे. वाटी पूर्ण पाण्याखाली बुडली पाहिजे, तिची कड सिंकला घट्ट चिकटली पाहिजे, आणि दुसरं बेसिन त्याच पाइपला जोडलेलं असेल तर त्याचं तोंड ओल्या फडक्यानं बंद केलं पाहिजे. यातल्या पहिल्या दोन गोष्टी मेहुण्यांनी मन लावून केल्या. तिसरी गोष्ट, म्हणजे बाहेरच्या खोलीतलं हात धुवायचं बेसिन, त्यांना ठाऊकच नव्हतं. तिथं त्यांचा मित्र वाकून चूळ भरत होता.

कोल्हापुरात आषाढात नदीला आलेलं नवं पाणी वाजतगाजत त्र्यंबोलीला नेऊन घालतात. त्या वाजपाला पी-ढबाक म्हणतात. आमच्या घरी नवं पाणी बेसिनमधून वर आलं आणि मित्राच्या तोंडावर घातलं गेलं. आवाजही तोच : आधी पी, मग ढबाक. सगळे त्याला पुसायला धावले, एकटे गुरुजी खूश होते. “कोंडलेल्या द्रवावर दाब दिला की तो सगळ्या दिशांना सारखा पसरतो. पास्कलचा नियम! 1660 साली इकडं बाजीप्रभू खिंड लढवत होते, तेव्हा पास्कल तिकडं फ्रान्सात हयात होता.” इतिहास आणि विज्ञान असे एका बेसिनमध्ये भेटल्याचं समाधान त्यांच्या चेहऱ्यावर होतं. मित्राच्या चेहऱ्यावर काय काय होतं ते सांगत नाही.

आता प्लंबरशिवाय गत्यंतर नव्हतं. पण जुलैत शाहूवाडीत प्लंबर नसतो, भाताची लावण असते. वायरमन, गवंडी, वडापचा ड्रायव्हर, सगळे कमरेत वाकून रोप लावत असतात. फोन लावला तर पलीकडून पावसाचा आवाज आणि मधूनच माणसाचा : “काका, लावण चाललीया. चिखल हाय तवर उरकू द्या. सांजचं बघू.” सांजेला तो आला, पोटऱ्यांपर्यंत चिखल, डोक्यावर प्लास्टिकची खोळ. दारातच विचारलं, “आधी सांगा, आत काय काय वतलंय?”

आम्ही यादी सांगितली. सोडा, लिंबू, पुडी, गरम पाणी. बोलताना सगळे एकमेकांकडं बघत होते.

“कॉस्टिक न्हाई न्हवं?”

“नाही.”

“मग घालतो हात.” त्या विषयात बऱ्याच प्लंबरांचे हात भाजलेले असतात. सौभाग्यवतींनी माझ्याकडं ज्या नजरेनं बघितलं, तिच्यात माळा आणि शिडी दोन्ही होतं.

हात घालतो म्हणाला खरा, पण सिंककडं त्यानं बघितलंसुद्धा नाही. थेट मागच्या दारानं परड्यात गेला. आम्ही छत्र्या घेऊन मागं. “वावरात पाणी तुंबलं तर वरच्या बांधावर हुबं राहून काय करता? खालचं तोंड बघायचं.” खालचं तोंड म्हणजे आमच्या पाइपाचं टोक पावसानं भरलेल्या गटारात बुडालं होतं. बाहेरचं पाणी आतल्याला येऊ देत नव्हतं, आतलं रेंगाळत होतं, आणि रेंगाळलेल्या पाण्यातली चरबी जागा मिळेल तिथं बसत होती. त्यात पाइपाला मधेच पोट सुटलेलं. चाळीस इंचांना एक इंच तरी उतार हवा, असं तो म्हणाला. आमचा पाइप काही अंतर चक्क चढून जात होता. घरातल्या एवढ्या विद्वानांपैकी परड्यात कुणी फिरकलं नव्हतं. सगळं ज्ञान ओट्यापाशी जमलं होतं, कारण पाऊस बाहेर होता.

मग त्यानं सिंकखाली बादली सरकवली आणि बाटलीसारखा दिसणारा ट्रॅप हातानंच पिळून सोडवला. या ट्रॅपचा मूळपुरुष म्हणजे लंडनमधला एक घड्याळजी, अलेक्झांडर कमिंग. संडासाच्या नळीला वळसा देऊन त्यात थोडं पाणी कायम अडवून ठेवायचं, म्हणजे खालची घाण हवा वर येत नाही, या युक्तीचं पेटंट त्यानं 1775 मध्ये घेतलं. दुर्गंधीला अडवायला केलेली ही चौकी पुढं सिंकखालीही बसली. पण ती भाताला, चहाच्या चोथ्याला आणि चमच्यांनाही अडवते. बादलीत जे पडलं त्यात हे सगळं होतं. तांबडी माती होती, तिच्यात गवताची एक काडीही होती, बहुधा म्हसवड्याच्या पुढची. आणि ताज्या लिंबाच्या बिया होत्या. गुरुजींनी त्या ओळखल्या आणि छत्री उगाच उघडून बघितली.

बाकी काम सोपं होतं. पाइपाचं टोक गटारातून वर उचललं, पोटाखाली विटा लावल्या, बांबूची लांब कामटी बाहेरून आत सारली, घुसळली, आणि वरून बादलीभर पाणी सोडायला सांगितलं. आत गडगडलं आणि पांढरट ढेपळं बाहेर येऊन गटारात पडली. सिंकमधलं पाणी घुर्र करत भोवरा घेत गेलं. तो कढीपत्ताही गेला. प्लंबरनं मजुरी सांगितली, ती एवढी कमी होती की आमच्या सोड्या-लिंबांचा आणि पंपाचा खर्च जास्त निघाला. जाताना म्हणाला, “भोकावर जाळी बसवा. आन् मटणाचं पातेलं घासायच्या आधी कागदानं पुसून घ्या. चरबी कागदाला जाऊ दे, पाइपाला न्हाई.”

हे मात्र घरात रुजलं. आता तेलकट भांडं आधी वर्तमानपत्रानं पुसलं जातं, आणि त्यातून माझा वर्तमानपत्रांचा अभ्यास वाढला आहे. गुळगुळीत रंगीत पुरवणी तेल शोषत नाही, इकडचं तिकडं नुसतं सारवते. छोट्या जाहिरातींचं पान बरं. पण सगळ्यांत जास्त तेल पितो तो अग्रलेख. सरकार कुठलंही असो.

पाहुणे गेले, श्रावण लागला. आणि एका सकाळी गुरुजींच्या दारापुढची, गटारावर टाकलेली फरशी पाण्याखाली गेली. आमची ढेपळं तिच्याखाली जाऊन बसली होती. गल्ली गोळा झाली. मी सगळ्यांत पुढं होतो. “गुरुजी, वरून काही करू नका, खालचं तोंड बघा,” मी सांगत होतो, आणि सांगताना किती बरं वाटतं ते त्या दिवशी कळलं. आईनं मागून विचारलं, “लिंबू आणू काय?” मी घरून कामटी आणली. गुरुजींनी छत्री धरली, मी ढोसलं, आणि एकदम सगळं सुटून जोरात खाली गेलं. गुरुजी म्हणाले, “या, चहा घेऊ.”

चहा उकळायच्या आत वळणावरून आरडाओरडा ऐकू आला, आणि पाठोपाठ पायऱ्यांशी हातात खराटा घेतलेला एक गृहस्थ उभा राहिला. “वरच्या अंगाला कोण राहतंय?”

गुरुजींनी माझ्याकडं बोट केलं. मी आभाळाकडं.