आकड्यांचा ताप
लॅपटॉपसाठी एसएसडी घेताना खोक्यावरचा सर्वांत मोठा आकडा निवडायची आपली रीत: सेकंदाला ७,००० एमबी! स्लॉट तिसऱ्या पिढीच्या पीसीआयईचा असेल, तर पदरात पडतात जेमतेम ३,५००. चौथ्या पिढीचा असला, तरी वारा न लागणाऱ्या चपट्या पेटीत सलग कामाने कंट्रोलर तापतो आणि जीव वाचवायला स्वतःच वेग उतरवतो. हीटसिंक लावू म्हणाल, तर मग झाकण लावायचं राहू द्या. मोठे व्हिडिओ रोज हलवणाऱ्यांचं ठीक. पण विंडोज सुरू व्हायला, एक्सेल उघडायला लागतात छोटी, विखुरलेली वाचनं, आणि तिथे हा आकडा फारसा कामाचा नाही. डीरॅमविना चालणारी, कमी वीज खाणारी साधी ड्राइव्ह तिथे पुरते. फक्त तिचा आकडा चारचौघांत सांगता येत नाही.